आसरांच्या डोहातला गाळ

खालापूर
९ नोव्हेंबर १९८०

हेमूदादा,

दीड वर्षानं लिहिते आहे. वर 'सा. न. वि. वि.' लिहायला हात वळला नाही, तेव्हा ते राहू दे.

पळसवलीच्या नागू भोईरची बायको सोनुबाई मंगळवारी गेली. डोहात मासळी परत आली तेव्हा तू नागूकडे जेवायला गेला होतास. तांदळाची भाकरी आणि वांबीचं कालवण होतं, आणि तू दोनदा मागून घेतलंस. वाढणारी ती. वय सेहेचाळीस. गेलं वर्षभर तिचे हात कापत होते. पुढे पाय उचलेनात, मग जीभ जड झाली. शेवटी शेवटी ती काय बोलते ते फक्त पारूला कळायचं, तिच्या मुलीला. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, वात. पेणचे म्हणाले, मेंदूचं काहीतरी. पाण्याबद्दल एकानंही विचारलं नाही.

बडोद्याला बढती मिळाल्यावर इथलं सगळं तुझ्या मनातून गेलं असेल. मी शाळेत शिकवते, त्या सवयीनं पहिल्यापासून सांगते.

पंधरा वर्षं इथल्या कारखान्याचं तांबडं पाणी नाल्यानं आसरांच्या डोहात उतरत होतं. उन्हाळ्यात वरच्या वीजघराचं पाणी सुटलं तरच पाताळगंगा वाहायची, आणि ते बंद झालं की डोहावर मेलेल्या माशांचा थर यायचा. बायकांच्या पोटऱ्यांना खाज सुटायची, गुरं पाण्याला तोंड लावत नसत. शहात्तर साली आम्ही तीनशे माणसं रस्त्यावर बसलो. पुढे नागू होता आणि आमच्या नदी समितीची चिटणीस मी. कारखान्याला वाकावं लागलं. सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या आल्या, आणि डोहात साठलेला गाळ उपसून नदी पूर्ववत करायची असं ठरलं. ते काम कारखान्याचा मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून तू केलंस. माझा सख्खा भाऊ. मी शाळेत मान ताठ करून चालत होते.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात चाळीस दिवस उपसा चालला. पुढच्या दिवाळीत पुरुषभर पाण्यात तळाचे गोटे दिसायला लागले. मासे परत आले, मळे आले, वांब आली. दर मंगळवारी सकाळी मी स्वतः बाटल्या भरून मुंबईला तपासायला धाडत होते, आणि दर महिन्याला आकडे सुधारत होते. त्यात लबाडी नव्हती. नदी खरोखर स्वच्छ झाली आहे. लांबून माणसं बघायला येतात, आणि मी त्यांना काठावर उभी राहून माहिती सांगते.

गाळ कुठे गेला, हे त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही.

दोनशेच्या वर ट्रक गाळ नागूच्या खालच्या खाचरात पडला, त्याच्या विहिरीपासून वीस पावलांवर. नदीचा गाळ म्हणजे खतच, असं त्याला सांगितलं होतं. पहिल्या वर्षी भात पिवळं पडलं. दुसऱ्या वर्षी रोप उभंच राहिलं नाही. आणि विहिरीचं पाणी तर ते घर रोज पीत होतं.

त्या गाळात काय होतं ते तुला ठाऊक आहे. इथे ये आणि डॉक्टरांना सांग. नागूच्या घरात अजून तो आहे, पारू आहे आणि त्याची म्हातारी आई गोदूबाई आहे.

उमा


खालापूर
७ डिसेंबर १९८०

हेमूदादा,

पत्र मिळालं. बहिणीला पत्र लिहितानाही तू टंकलेखकाला बसवतोस, हे नवीन कळलं.

तू लिहितोस, त्या भागातलं भूजल मुळातच जड आहे. लिहितोस, सोनुबाईचं वय लक्षात घ्यावं. तिच्यापेक्षा तू चार वर्षांनी मोठा आहेस, दादा. लिहितोस, पुराव्याशिवाय भावनेच्या भरात बोलू नये. आणि खाली पेनानं एक ओळ आहे, तेवढी तुझ्या हातची: 'तो कागद तुझ्याकडे असेल तर फाडून टाक.'

कसला कागद? माझ्याकडे तुझा कुठलाही कागद नाही. असल्या गोष्टी पत्रात लिहीत जाऊ नकोस.

पुरावा हवा म्हणतोस ना, मग हे ऐक. पारू माझ्या आठवीच्या वर्गात आहे. जूनमध्ये तिचं अक्षर इतकं सुरेख होतं की फळ्यावर सुविचार तीच लिहायची. परवा सहामाहीचे पेपर तपासताना एक पेपर हाती आला. ओळी पार वर-खाली गेलेल्या, काने मोडलेले, 'क' आणि 'फ' ओळखू येईनात. कुणी डाव्या हातानं लिहिलाय म्हणून रागवायला नाव बघितलं, तर पारू नागू भोईर. मी तिला जवळ बोलावून हात पुढे करायला सांगितले. तिनं केले. बोटं थरथरत होती.

"कधीपासून गं?"

"आयेचं झालं त्याच्या आधीपासनं." मग घाईघाईनं म्हणाली, "बाई, बाबांना नका सांगू. आदीच ते जेवत नायत."

त्याच दिवशी मी त्यांच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि मुंबईला पाठवायला नदी-तपासणी योजनेच्या कचेरीत घेऊन गेले. तिथल्या कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला. पहिलाच रकाना, नदीचे नाव. मी म्हटलं, हे विहिरीचं आहे. तो म्हणाला, "मग नाही घेता येणार, बाई. आपली योजना नदीपुरती. विहीर त्यात बसत नाही." मी भांडले. त्यानं साहेबांना विचारलं. साहेबांनी मला चहा पाजला, आणि आतापर्यंतचे आकडे किती छान आहेत ते मलाच वाचून दाखवले. माझ्याच बाटल्यांचे आकडे.

बाटली परत घरी आणली आहे. आपल्या फडताळात, वरच्या फळीवर ठेवली आहे. नागूला मी सांगितलं की सध्या पाणी वरच्या आळीच्या विहिरीवरून आणा. त्यानं विचारलं, "का वो बाई?" मी म्हटलं, उन्हाळा येतोय, तुमची आटेल.

पाण्यानं काठोकाठ भरलेली विहीर होती ती. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

उमा


खालापूर
२५ जानेवारी १९८१

हेमूदादा,

जिल्ह्याचं नाव आता रायगड झालं आहे. पत्त्यावर कुलाबा लिहू नकोस. अर्थात तू लिहिलंस तर.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कागद माझ्याकडे आहे.

फाडायचं धाडस नव्हतं, दाखवायचंही नव्हतं. बाबांच्या कायद्याच्या पुस्तकांमध्ये ठेवून दिला होता. पण आज तुला सगळं लिहिणार आहे, कारण हे आपण दोघंही एकमेकांशी कधी नीट बोललेलो नाही. एकोणऐंशीच्या मे महिन्यात बोलायला लागलो, तर तू म्हणालास, "तुलाही माहीत होतंच की." आणि मी ताटावरून उठले. तेव्हापासून बोलणं बंद. लोकांना वाटतं, घराच्या वाटणीवरून बिनसलं.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये तू दुपारी शाळेत आलास. शाळा सुटली होती. बाकावर बसलास आणि तो कागद माझ्यापुढे ठेवलास. गाळाची तपासणी तू स्वतः केली होतीस. पारा, शिसं, आणि त्यापुढचे आकडे. मी विज्ञान शिकवते, मला ते वाचता येत होते. खाली तू लिहिलं होतंस: हा गाळ उघड्यावर टाकू नये. कारखान्याच्या आवारात पक्का खड्डा बांधून, चुना घालून पुरावा.

तू म्हणालास, "मॅनेजर खड्ड्याला तयार नाही. गाळ बाहेर जाणार असेल तरच उपसा, नाहीतर काम रद्द. काय करू सांग."

हे तू मला विचारलंस, दादा. तुला खरंच उत्तर हवं होतं का, का फक्त जोडीला कुणी हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी उत्तर दिलं. मी म्हटलं, "पंधरा वर्षांनी नदी मिळतेय. आता थांबलं तर पुन्हा कधीच नाही." तू विचारलंस, गाळ टाकायचा कुठे? आणि पळसवलीचं नाव मी घेतलं. नागूचं खाचर खोलगट होतं आणि त्याला भर हवी होती. शिवाय मी सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी मीच त्याच्याकडे गेले. "नदीचा गाळ आहे नागूभाऊ, सोनं पिकेल." सोनुबाई चुलीपुढून म्हणाली, "बाई सांगतात म्हंजे चांगलंच आसंल." वर तुझा कागद मी माझ्याकडे ठेवून घेतला. तुझ्याजवळ राहिला तर कुणाच्या हाती पडेल, असं सांगून.

मागच्या रविवारी मी पळसवलीला गेले. नागू ओटीवर दोर वळत बसला होता. गोदूबाई बाजूला होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुझं, माझं, कागदाचं. वाटलं होतं, अंगावर येईल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो दोर वळत राहिला. मग त्यानं विचारलं,

"म्हंजे तुमाला आदी ठावं व्हतं."

"हो."

"ती आजारी पडली तवा बी?"

"हो."

"दोन डागदर केले आमी. तुमी संगट आला व्हता कर्जतला. बाकड्यावर तिच्या बाजूला बसला व्हता."

गोदूबाईनं विचारलं, "काय म्हणत्यात रं बाई?" तो म्हणाला, "काय नाय आये." मग दोर खाली ठेवून मला म्हणाला, "हे समदं लिवून द्या. माज्या तोंडाचं कोण ऐकणार? तुमच्या हातचं लिवून द्या."

तिथेच, पारूच्या वहीच्या पानांवर लिहून दिलं. चार पानं झाली. सोमवारी आम्ही दोघं कर्जतला प्रांतसाहेबांच्या कचेरीत गेलो आणि माझ्या जबानीला तुझा कागद जोडला. गाडीत तो माझ्यासमोर बसला नाही, पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.

सुनावणी सोळा मार्चला आहे. अक्षर तुझंच आहे असं तू येऊन सांगितलंस तर कारखान्याला खड्डा बांधावाच लागेल. शिक्षा व्हायची तर दोघांना होऊ दे. पण ये.

उमा


खालापूर
२९ मार्च १९८१

हेमूदादा,

तू आला नाहीस. तुझं पत्र आलं, आणि तेही मला नाही, प्रांतांना. 'सदर कागदावरील अक्षर माझे असल्याचे मला आठवत नाही.' ते पत्र भर कचेरीत वाचून दाखवलं. कारखान्याचे वकील माझ्याकडे वळून मोठ्या सहानुभूतीनं म्हणाले, "बाईंची मनःस्थिती आपण समजू शकतो." तुला न आठवणारं ते अक्षर मी लहानपणी पाटीवर गिरवत होते. तूच कित्ता घालून द्यायचास.

प्रांत माणूस वाईट नाही. तरुण आहे, भित्रा आहे. त्यांनी सुनावणीच्या आधीच विहिरीचं पाणी तपासायला लावलं होतं आणि अहवाल आला. दादा, त्यातला पाऱ्याचा आकडा मी तुला लिहीत नाही. तुला तो पाहण्याआधीच सांगता येईल. विहीर बंद करण्याचा हुकूम झाला आणि गाळ उचलायचंही ठरलं. मला वाटलं, जिंकलो.

गाळ कुठे हलवायचा, यावर कारखान्यानं नकाशा पुढे केला. खड्डा नाहीच. डोंगराच्या अंगाला माळवाडी आहे, पंचवीस घरांची कातकरवाडी, तिच्या वरच्या अंगाचा माळ. सरकारी पड जमीन, कुणाचा सातबारा नाही, तेव्हा हरकत घेणारं कुणी नाही. त्या माळाखालच्या झऱ्यावर सबंध वाडी पाणी भरते. हे नकाशात नाही.

मॅनेजर माझ्या घरी आले. सोबत छापलेला मजकूर होता: गाळ आता वाळून निरुपद्रवी झाला आहे, तो हलवण्यास समितीची हरकत नाही. खाली चिटणिसाच्या सहीला जागा. ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्हालाच तर तो तिथून हलवायचाय ना, बाई?" मी कागद परत दिला आणि त्यांना दार दाखवलं. त्या दिवशी रात्री मला किती दिवसांनी शांत झोप लागली.

चार दिवसांनी कळलं, सही झाली. समितीचा जुना सभासद आणि जमिनीचं कूळ म्हणून नागूनं केली.

मी पळत पळसवलीला गेले. तो गोठ्याशी होता.

"नागूभाऊ, हे काय केलंत? खाली झरा आहे. वाडीतल्या ठमीची सून पोटुशी आहे. तुम्हाला माहीत आहे ना सगळं?"

"हाय की म्हाईत."

"मग?"

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी सगळं कबूल केल्यापासून पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुमाला नदी पायजे व्हती, तवा तुमी गप बसलात. मला माजी हीर पायजे. मी बी गप बसलो. तुमच्यात नि माज्यात आता काय फरक हाय, बाई?"

पारू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

या माणसानं शहात्तर साली लाठी खाल्ली होती, दादा. पोलीस बायकांवर धावले तेव्हा आडवा होऊन त्यानं डोकं पुढे केलं होतं. त्याला असं आपण केलं. पारा फक्त विहिरीत उतरला असं तुझे आकडे सांगतील.

उमा


खालापूर
१७ मे १९८१

हेमूदादा,

हे शेवटचं पत्र. उत्तर देऊ नकोस.

एप्रिलच्या शेवटी गाळ उचलायला टेंपो येणार असं कळलं. त्याआधी दोन दिवस मी माळवाडीवर गेले. ठमी झोपडीपुढे करवंदं निवडत होती. वाडीत तिचा शब्द चालतो. तिला सांगितलं, त्या गाळात काय आहे आणि तो आल्यावर झऱ्याचं काय होईल. मी कोण आणि मी काय केलं, तेही सांगितलं. तिनं करवंदं निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "तुजा गाळ तुज्या दारात घाल ना. आमच्या दारात कशाला?" मी म्हटलं, "म्हणूनच आले आहे." मग तिनं बाकीच्या बायकांना हाक मारली.

टेंपो आले तेव्हा आम्ही एकवीस बायका वाटेवर बसलो होतो. मी मध्ये. पहिला टेंपो भरून आला होता. तोच गाळ, वाळून पांढुरका झालेला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, शिव्या दिल्या, मग खाली उतरून बिडी पेटवली. दुपारी प्रांत आले. मी त्यांना एवढंच म्हटलं, "माझी जबानी तुमच्या फायलीत आहे. आणि विहिरीचा अहवालही. आता माहीत नव्हतं असं तुम्हाला कधीच म्हणता येणार नाही." तिथेच टेंपोच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी काम थांबवायचा हुकूम लिहिला. 'पुढील आदेश होईपर्यंत.'

टेंपो वळले, आणि ज्या खाचरातून गाळ उचलला होता त्याच खाचरात तो परत ओतून गेले.

पक्क्या खड्ड्यासाठी मी मुंबईपर्यंत अर्ज केले आहेत. पोच येते, पुढे काही येत नाही. कारखान्यानं नागूच्या खाचराभोवती काटेरी तार ओढली आहे. विहिरीवर फळ्या ठोकल्या आहेत. समितीतून मला काढलं. योजनेची बदनामी होते म्हणून. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की जूनपासून मी खालचे वर्ग घ्यावेत, विज्ञान दुसरं कुणी शिकवील. मी बरं म्हटलं.

मागच्या सोमवारी नागूनं घर हलवलं. पेणच्या बाजूला सोनुबाईची बहीण आहे, मोतीबाई, तिच्याकडे निघाला. बैलगाडीत भांडी, गोणी आणि वर गोदूबाई. गाडी आमच्या दारावरून जायची होती, म्हणून मी ओट्यावर उभी राहिले. तो थांबेल असं वाटलं नव्हतं. पण थांबला. कासरा धरूनच बोलला.

"पयल्या टायमाला तुमी गप बसून ठरवलंत. आता वाटेत बसून ठरवलंत. माळवाडीचं बरं झालं, मी नाय म्हणत नाय. पर दोनी टायमाला घर माजंच गेलं. मला कदी इचारलंत?"

मी म्हटलं, "नाही."

त्यानं मान हलवली. एवढंच ऐकायला तो थांबला असावा.

पारू गाडीमागून चालत येत होती. ती ओट्याच्या पायरीवर चढली आणि दप्तरातून माझं एक पुस्तक काढून मला द्यायला लागली. तिला ते नीट धरता येईना. मी दोन्ही हातांनी घेतलं. म्हटलं, "राहू दे गं तुझ्याकडे." ती काही बोलणार होती, तेवढ्यात गाडीवरून मागे न बघता नागूनं हाक मारली,

"पारू, चल. त्या दारात उबी राऊ नको."

ती उतरली. मी पुस्तक घेऊन आत आले आणि दार लावून घेतलं.

उमा